काठावरचं कोरडं माणूस

वळ गावातली आमची जमीन गोदामांना गेली आणि उरलेल्या तुकड्यावर मी बंगला बांधला. बंगल्यापेक्षा मला कौतुक मागच्या स्विमिंग पूलचं. ठेकेदार म्हणाला, "शेठ, भोवती जाळी आणि कडीचं फाटक लावून घ्या, घरात लहान पोरं आहेत." बायकोनेही तेच लावून धरलं. मी दोघांना वेड्यात काढलं. म्हटलं, आम्ही खाडीची माणसं, आमच्या पोरांना पाण्याची कसली भीती? जाळी कोंबड्यांना लावतात. असा मी शहाणा.

खरं तर आमच्या पोरांनी खाडीत कधी पायसुद्धा घातला नव्हता. कारखान्यांचं रंगाचं पाणी यायला लागल्यापासून तिकडे जातंय कोण? हे मला माहीत होतं, तरी फुशारकी चालूच.

मग माझ्या मुलीची हळद आली. सकाळपासून बेंजो पार्टीचे वाजंत्री वाजवत होते. दुपारी हळद लागली आणि माखलेली सगळी मंडळी, पोराटोरांसकट, पूलमध्ये उतरली. मीही उतरलो. बघता बघता पाणी पिवळंधमक झालं, तळ दिसेनासा झाला. एवढी माणसं आहेत, कुणाचं तरी लक्ष असेलच, असं आम्हा प्रत्येकाला वाटत होतं.

आई तेवढी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. तिने मला हाक मारली.

"पोरं सात व्हती. सहाच दिसतात."

"असेल गं घरात. जेवत असेल."

"न्हाय. मी हितंच बसलेय, बाहेर कोण आलंच न्हाय. तो बेंजो थांबव आन् पाण्यात बघ."

आवाज चढवला नाही तिने. पण लहानपणी याच सुरावर मी खाडीतून निमूट बाहेर यायचो. बेंजोवाल्यांना हात करून थांबवलं, पोरं मोजली. धाकट्या भावाची मुलगी त्यांत नव्हती. सात वर्षांची, पोहता न येणारी. त्या पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, म्हणून पायांनी तळ चाचपत निघालो. खोल बाजूच्या उतारावर पायाला केस लागले.

बाहेर काढली तेव्हा ती निपचित होती. भावाने तोंडाने श्वास दिला, देतच राहिला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती खोकली, पाणी ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मी तिथेच ओल्या फरशीवर बसकण मारली. दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला काळजी एकच, लग्नासाठी शिवलेला तिचा घागरा कुणी दुसरीने तर घातला नाही ना. भाऊ तिला उचलून सरळ आत घेऊन गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्याच्या आत जाळी लागली, फाटक लागलं, कडी पोरांच्या हाताला येणार नाही इतकी वर लावली. हळदीच्या अंगाने पाण्यात जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. बायकोने फाटक दोनदा ओढून बघितलं.

एका संध्याकाळी आईजवळ चहा घेत बसलो होतो. मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, "आई, तू खाडीकाठची. त्या दिवशी मला हाका मारण्यापेक्षा तूच उडी का नाही टाकलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी अजून पाच वर्षांचाच आहे.

"मला पवायला कुठं येतं?"

पन्नास वर्षं मी गावभर सांगत आलो होतो की पाणी आमच्या आईच्या रक्तातच आहे.

"तुमी चार भावंडं पाण्यात," ती बशी खाली ठेवत म्हणाली. "एक माणूस कोरडं काठावर नको? तुमची डोकी मोजता मोजता माझं शिकायचं ऱ्हायलं."