फ्यूजकाकांच्या सासूबाईंची गाडी

गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सगळे फ्यूजकाका म्हणत. गाडीत काहीही बिघडलेलं असो, बॉनेट उघडायच्या आधीच त्यांचा निकाल तयार असे, "फ्यूज गेलाय." अठ्ठावीस वर्षांत तो निम्म्या वेळा खरा ठरला होता. उरलेल्या निम्म्या वेळा काका सोयीस्करपणे विसरत.

त्या सकाळी त्यांच्या सासूबाई गाडी घेऊन आल्या. बाई निवृत्त नर्स. अंगाने काडी, आवाजाने मऊ, पण सुई नेमकी जागेवर टोचणाऱ्या.

"जावईबापू, गाडी बंद केली तरी मागचे ब्रेकचे दिवे जळतच राहतात. आज बॅटरी पार झोपली होती. शेजाऱ्यांनी गाडी ढकलून चालू करून दिली."

"फ्यूज," काका म्हणाले.

"फ्यूज गेला तर दिवे लागणारच नाहीत ना?"

काकांना एकाएकी पकड शोधायची आठवण झाली. ती सापडल्यावर म्हणाले, "तेच म्हणतोय. ब्रेकचा स्विच. पेडल त्याचा दांडा दाबून धरतं तोवर दिवे बंद. पाय दिला की दांडा सुटतो, दिवे लागतात. तो अडकलाय."

अडचण होती ती पोटाची. स्टिअरिंगखाली उताणं पडून डोकं आत घालायचं, तर हल्ली काकांचं पोट त्यांच्या आधी दारात अडायचं. मग चाचपडतच त्यांनी जुना स्विच काढून नवा बसवला. दिवे तसेच लालबुंद. आणखी एक बसवला. तसेच.

"हल्ली मालच बोगस येतो," ते घाम पुसत म्हणाले.

"सरका जरा." सासूबाईंनी चष्मा चढवला, बाह्या सारल्या आणि सरसर आत शिरल्या. "टॉर्च द्या. हं. पेडलच्या पट्टीला भोक आहे. स्विचचा दांडा त्यातून आरपार गेलाय. इथं काही बसवलेलं असतं का हो?"

काकांचा चेहरा उतरला. त्या भोकात रबरी बटण असतं, दांडा त्यावरच टेकतो. ते तुटून गेलं होतं. आणि त्याचा पिवळट चुरा मघाशी त्यांनीच "गाडीत बिस्किटं खाऊ नका, आई" म्हणत झाडून टाकला होता.

"आणि मघाचा तो चुरा... मी बिस्किटं खातच नाही," आतून आवाज आला.

काकांनी डब्यातून बटण शोधून दिलं, सासूबाईंनी ते भोकात दाबून बसवलं. जुना स्विच परत लावला. तो बिचारा धडधाकटच होता. सासूबाईंनी पेडल दाबलं, दिवे लागले. सोडलं, विझले.

काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, हात पुसायला स्वच्छ फडकं दिलं. थोडा वेळ घुटमळले.

"आई, दुपारी तुम्ही काय करता हो?"

"पडते जरा. का?"

"नाही, काही नाही. आत आणखी दोन गाड्या उभ्या आहेत. दोन्हींचं काम स्टिअरिंगखालचंच आहे."