समुद्रासाठी घेतलेले टायर

टायरच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता साचतात, जुने टायर आणि किस्से. टायर निदान कोणीतरी मागून नेतो, किस्से मात्र माझ्याच गळ्यात! कारध्याच्या पुलाजवळ हायवेला माझं दुकान आहे. गिऱ्हाईक कोणीही असो, प्रश्न एकच, "भाऊ, हे टायर किती चालतीन?"

*

नाकाडोंगरीकडचा एक ट्रक ड्रायव्हर. टायरची नक्षी पार गुळगुळीत, पण वरून काळं पॉलिश चकाचक!

"अजून सालभर चालतीन नं?"

मी म्हटलं, "टकलावर तेल चोपडलं तं केस येतात का, बावा?"

त्याने टोपी काढली. डोकं साफ! म्हणाला, "मी तं रोजच लावून राहिलो!"

टायर त्याने बदलले. तेलाचं काय केलं, माहीत नाही.

*

मोहाडीचे सुकदेवमामा बसचे रिटायर ड्रायव्हर. मामीने जन्मात एकच मागितलं होतं, "मले एकदा समुद्र दाखवा." मामांनी दणकट पिकअप घेतली आणि तिच्यामागे ओढायला एक फिरतं घर बांधून घेतलं. आत पलंग, शेगडी, वॉशबेसिन. मामा त्याला कॅम्पर म्हणत. दोन्हींना हेवी ड्यूटी टायर मीच बसवले.

"मामा, इतके जाड कायले?"

"मधातच टायर फुटला तं मामी म्हणन, चाळीस साल काय बस चालवली!"

आठ दिवसांत निघणार होते.

*

निघाले नाहीत. उन्हाळ्यात म्हणाले, "डांबर तापलं, टायर घासते." पावसाळ्यात, "गिट्टी उघडी पडली, टायर कापते." हिवाळ्यात धानाची कापणी. पुढच्या वर्षी पुन्हा उन्हाळा होताच!

हवा मोजायची वेळ आली की मामा माझं हवेचं मीटर न्यायला येत. बसने!

"मामा, गाडीच घेऊन याची नं."

"कायले? टायर घासतीन!"

मी मीटर दिलं.

*

सहाव्या वर्षी दिवाळीला जावई आला. घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून त्याला अंगणातल्या कॅम्परमध्ये झोपवलं. सकाळी दार उघडून त्याने गमतीने विचारलं, "मामी, कुठवर आलो?"

मामी अंगण झाडत होती. म्हणाली, "सहा सालात अंगणापर्यंत आलो. तुम्ही झोपा अजून."

हा किस्सा मामीनेच मला सांगितला. सांगताना हसली. मला मात्र वाईट वाटलं.

*

त्याच हिवाळ्यात मामा कॅम्पर जोडून दुकानात हजर! मामी पिकअपमध्ये, मांडीवर पिशवी.

"एकदा पाहून दे. मंग मुहूर्त पाहून निघतो."

मी वाकून पाहिलं. नक्षी कोरी करकरीत, पण बाजूचं रबर उन्हाने तडकलेलं, सगळ्या टायरांना भेगा.

"मामा, हे गेले."

"गेले? जरासे घासले नाहीत!"

मी त्यांना टायरवरचे चार आकडे दाखवले. "हा बनवल्याचा आठवडा, हे साल. उभ्या उभ्याच म्हातारे झाले. या लोडनं रस्त्यात फुटतीन."

नवे टायर चढेपर्यंत मामा स्टुलावर बसून जुन्या टायरांच्या भेगा मोजत राहिले. मग उठून म्हणाले, "चाल वो, घरी. चांगला दिवस पाहू."

मामी जागची हलली नाही. मला विचारलं, "भाऊ, हा रस्ता समुद्राकडं जाते का?"

"जाते नं. रायपूरवरून पुढं पुरीचा समुद्र."

"मंग इथूनच."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

*

महिन्याभराने दोघं परत आले. टायरच्या नक्षीत वाळू अडकलेली. मामा उतरले ते थेट चाकापाशी बसले.

"पाह्य बरं, किती घासले?"

मी मापून पाहिलं. सांगण्याइतके घासलेच नव्हते.

तेवढ्यात मामीने खिडकीतून विचारलं, "भाऊ, किती चालतीन हे?"

"सांभाळून चालवले तं पाच-सहा सालं, मामी."

मामीने खाली ठेवलेली पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"आयकलं नं?" ती मामांना म्हणाली, "मंग घरी कायले जाऊन राहिलो?"