कोरड्या कापसाचा साक्षीदार

अमरावतीहून आमच्या कापसाच्या गाड्या निघाल्या, तेव्हा शेठजींनी प्रत्येक बैलाच्या कपाळी कुंकू लावले आणि मला म्हणाले, "खरेपणाने वाग." वाईहून इतक्या लांब, ओळख ना पाळख, तरी मला ओट्यावर निजायला जागा देणारा हा माणूस. शाळा मी भागाकार सुरू होताच सोडलेली. अशाला मुनशी म्हणणारे दुसरे कोण भेटणार? मी पाया पडलो आणि मनाशी ठरवले, या प्रवासात एकही वावगी गोष्ट करायची नाही.

चांगले व्हायला सध्या वऱ्हाडासारखा मुलूख नाही. सातासमुद्रापार कुठेशी लढाई लागली, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तेव्हापासून जो तो पुण्य करत सुटला आहे. कोणी विहीर बांधतो, कोणी देवळाला कळस चढवतो. एकाने म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. देवाला नाही तर नाही, रस्त्याला तरी दान झाले. आमचे शेठजी पाणपोई चालवतात. पाणी पाजण्याची त्यांना फार हौस. ती माणसांपुरतीच नाही, हे मला काटेपूर्णा नदीवर कळायचे होते.

बडनेऱ्यापर्यंत मी चालत गेलो. बैलांना माझा भार कशाला? ढेकळांनी टाचा फुटल्या, तेव्हा आमच्या गाड्यांचे म्होरके रहीमभाई म्हणाले, "मुनशीजी, बसा वर. गाडीत एवढे बोजे हायेत, त्यात तुमी म्हंजे माशी. तुमी उतरले हे बैलाईले मालूम बी नसन." पुढचा सगळा प्रवास मी बोज्यांवर बसून केला. तिथून रेल्वेसाठी मातीचा भराव घालणारे मजूर दिसत. त्यांची मला फार दया येई.

मूर्तिजापूरला दुपारी रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. मी माझा रोडगा एका लंगड्या कुत्र्याला दिला. मग भूक लागली, तेव्हा गोदामावशींनी त्यांच्यातला अर्धा मला दिला. या बाई तिथेच आमच्या तांड्याला जोडल्या गेल्या. जवळच्या गावच्या विधवा कुणबीण, एकच गाडी, स्वतःच हाकणाऱ्या. जोडीतला एक बैल शेजाऱ्याकडून मागून आणलेला. "औंदा कापूस इकला का दुसरा बैल घेतो," त्या म्हणाल्या. "मागून आनलेला बैल अन् मागून आनलेला जावई, दोघं बी आपल्या मनानंच चालतेत."

काटेपूर्णेला गाड्या थांबल्या. बैलांना पाणी पाजून झाले आणि गाडीवान घागरी भरभरून बोज्यांवर ओतू लागले. मी धावत गेलो.

"रहीमभाई, हे काय?"

"शेठचा हुकूम. रस्त्याची धूळ बसली न, जराशी आंघोळ." ते हसले. "घाबरू नोका. पान्यानं वजन वाढते, दलाल कडता (ओलीपोटी वजनातली घट) कापते. त्यालेही ठाव, आपल्यालेही ठाव. कोनी कोनाले फसवत नाई."

इतका सरळ व्यवहार मी आमच्याकडे पाहिला नव्हता. गोदामावशी मात्र आपल्या बोज्यांवर पाय पसरून बसल्या होत्या. "माह्या कापसाले देवानं वरून देल्लं तेवढं पानी पुरे."

"मावशी, कडता तर साऱ्या तांड्याले लागते," रहीमभाई म्हणाले.

"मी सांगीन न, माहा कोरडा हाय. हे भाऊ पाहून राहिले. हे बी सांगतीन. काहो भाऊ?"

मी मोठ्या आनंदाने मान हलवली. खरे बोलण्याचा निश्चय होताच. आता गिऱ्हाईकही मिळाले.

अकोल्याच्या बाजारात मोर्णा नदीपर्यंत गाड्याच गाड्या होत्या. मुंबईच्या पेढीचा दलाल छत्रीखाली उभा होता. पहिल्या गाडीत त्याने हात घातला, पंच्याला पुसला आणि सगळ्या तांड्याला एकच कडता सांगून टाकला. गोदामावशी आडव्या झाल्या.

"माहा कोरडा हाय. हात घालून पाहा."

"किती बोज्यांत हात घालू, बाई? एका तांड्याचा कापूस एकाच नदीवरून येतो."

"या भाऊले इचारा."

दलालाने माझ्याकडे पाहिले. "यांचा कोरडा आहे," मी म्हणालो.

"असं? मग बाकीचा ओला?"

मला शेठजींचा ओटा दिसला, खोटं बोलू नको म्हणणारी वाईची आई दिसली. दोघांचेही मन राखावे म्हणून मी म्हणालो, "बाकीचं मला माहीत नाही."

दलाल खूष झाला. "चार दिवस ज्यांच्यावर बसून आला ते बोजे याला माहीत नाहीत, आणि हिचे माहीत आहेत! मावशी, साक्षीदार कुठून भाड्यानं आणला?"

लोक हसले. कडता कापला गेला. बैल झाला नाही.

आमच्या गाड्या मीठ भरायला तिथेच राहिल्या. मला शेठजींकडे निरोप घेऊन परतायचे होते, तेव्हा गोदामावशींनीच रिकाम्या गाडीत बसवून घेतले. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी भाकरी-ठेचा दिला आणि गावाचा फाटा आल्यावर विचारले, "भाऊ, पुढल्या खेपेचा कापूस घरात हाय. त्याच्यावर पानी मारू का नोको, सांगा."

"नका मारू, मावशी."

"कावून? तुमी साऱ्याईचं सांगसान?"

"सांगीन."

"आवाज कावून एवढा बारीक?"

मी पुन्हा मोठ्याने सांगितले. मागून आणलेल्या बैलाने मान वळवून पाहिले. मावशींनी नाही पाहिले.

मुक्या जनावरांशी चांगले वागणे फार सोपे असते. ती कधी साक्षीला बोलवत नाहीत. तिथून अमरावतीपर्यंत मी "साऱ्यांचं सांगीन" हे एकच वाक्य मोठ्याने घोकत चालत आलो. समोरून येणारे गाडीवान मला वाट देत, वेड्याला देतात तशी.

शेठजी पेढीवर होते. "अकोल्यात कोणी काही विचारलं?"

"विचारलं. या वेळी मी सांगितलं नाही. पुढल्या खेपेला विचारलं, तर सांगणार आहे."

शेठजी मोठ्याने हसले. मी हसत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.