बखूर जाळून क्षय जात नाही

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मायक्रोबायॉलॉजी शिकले आणि दुबईत शवविच्छेदनाच्या खोलीत नोकरीला लागले. नातेवाइकांना नुसतं ‘लॅब’ सांगते. त्यांचं जेवण कशाला बिघडवा?

आमचे मॅनेजर पुण्याचे, सेफ्टीचा डिप्लोमा केलेले. त्यांच्या केबिनला भिंत अशी नाहीच, सर्टिफिकेटंच आहेत. खोलीतली हवा ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट बंद पडला, तेव्हा साहेबांनी मेकॅनिकचं ‘उद्या, इन्शाल्ला’ मुकाट ऐकून घेतलं आणि स्वतः बखूर पेटवून आणलं. पाहुणे आले की इथे घरोघरी जाळतात, तो सुगंधी धूर. खोली लग्नघरासारखी घमघमली.

“बघा, वास खलास.”

“साहेब, क्षयाच्या जंतूला वास नसतो.”

“फार पुस्तकी बोलता बुवा तुम्ही.”

ती पुस्तकं मला मिळावीत म्हणून आईने लोकांची भांडी घासली होती. मला काही ती शिवी वाटली नाही.

टेबलावर अल कुसैसच्या कामगार वस्तीतला माणूस होता. झोपेत गेलेला. त्याच्या खोलीतले सोबती सांगत होते, बरेच महिने खोकत होता. करवत चालली की बारीक तुषार हवेत उडतात. करवत चालवणार माझा मल्याळी सहकारी, आणि व्हिसा वाढवायची त्याची मेडिकल तपासणी तोंडावर आलेली.

“मॅडम, एक्स-रे में दाग आया तो मैं घर,” तो हळूच म्हणाला. दोन मुलींची कॉलेजं त्याच्या या पगारावर चालली होती.

“करवतीला हात लावू नका,” मी म्हटलं.

साहेबांचा आवाज चढला. “पोलिसांना रिपोर्ट आजच हवाय. नाही म्हणणाऱ्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे कोण वाढवणार?”

“आम्ही करतो की. तुम्ही फक्त इथे टेबलाशी उभे राहा. हवा एवढी शुद्ध झालीय, तर मास्कही नको.”

साहेब उंबऱ्याच्या आत आले नाहीत. हातात धुपाटणं धरून पुजाऱ्यासारखे दारात उभे. एवढंच, की देव आत आणि पुजारी बाहेर.

“ठेवा फ्रीजमध्ये,” शेवटी म्हणाले.

मग मेकॅनिकचं ‘उद्या’ त्याच दुपारी उजाडलं. दुसऱ्या दिवशी एक्झॉस्टचा पंखा घरघरत असताना, घट्ट मास्क लावून आम्ही छाती उघडली. फुप्फुस आतून पोखरलेलं होतं. साहेबांनी केबिनमधूनच फोन केला.

“काही सापडलं का?”

“सापडलं. येता बघायला?”

“नको नको, तुम्ही अनुभवी आहात.”

फोन ठेवला. सहकाऱ्याने मास्कची पट्टी पुन्हा आवळली आणि आम्ही दुसरं फुप्फुस उचललं.