मचव्याच्या इंजिनाला घातलेला हार

मला पोहता येत नाही. तरुणपणी तर बादली काठोकाठ भरली तरी मी दोन पावलं मागे सरायचो. तरीही ऐंशीच्या दशकातली माझी ऐन उमेदीची वर्षं होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. अंधेरीच्या आमच्या वर्कशॉपात पंप यायचे, जनरेटर यायचे, पण श्रावण लागला की मालक माझ्याकडेच बघून म्हणायचे, "मनोरीला तू जा." बाकीच्या मेकॅनिकांना बायकापोरं होती. मी बुडालो तर रडायला दिंडोशीला फक्त आई होती, आणि तीही आधी टिफिनचा डबा परत आला का ते विचारणारी.

मनोरीत पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पुनवेला त्या पाण्यात सोडायच्या, दर्याला नारळ द्यायचा आणि नवा हंगाम सुरू करायचा. तोवर इंजिनं महिनोन्‌महिने झोपलेली असतात. त्यांना उठवायला मी.

त्या वर्षी एका मावशीचा मचवा माझ्या वाट्याला आला. मावशी माझ्या नात्यातली नव्हे, गावातली एक कोळीण. नवरा आदल्या वर्षी आजारपणात गेला होता. मनोरीची मासळी खाडीपलीकडे मार्व्याच्या धक्क्यावर पोचवायची, एवढंच त्या छोट्या मचव्याचं काम. नवरा गेल्यावर मचवा दीर घेणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मावशी म्हणाली, "मचवा मीच चालवणार, इंजिनासकट."

गावात बाई मासळी विकते, भाव करते, नवऱ्याला भर बाजारात चार गोष्टी सुनावते. पण इंजिनाच्या हँडलला बाईने हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. दीर तसा चांगला माणूस, फक्त त्याला थाटामाटाची भारी हौस. त्याने चार म्हाताऱ्यांना साक्षीला बसवलं आणि अट घातली. पुनवेला वहिनीने मचवा मार्व्याला न्यायचा आणि परत आणायचा. तेवढ्यात इंजिन एकदा जरी थांबलं, तर मचवा त्याचा.

मावशीने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "ठरला." मग माझ्याकडे वळली. "मेकॅनिक, शिकव."

मला शिकवायला जाम आवडायचं. वर्कशॉपात माझं कोणी ऐकत नसे, इथे ऐकणारी मिळाली. पहिला धडा हँडलचा. इंजिन उलटा झटका देतं, म्हणून हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. मूठ वळली तर अंगठा गेला. मावशीने पहिल्याच दिवशी बरोब्बर धरलं, आणि मी तिला दाखवायला गेलो तेव्हा माझाच अंगठा जरा जास्त वळला. पुढचे कित्येक दिवस मी भातसुद्धा चमच्याने खात होतो. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला माझा सुजलेला अंगठा दाखवायची. "बगा, माझा मास्तर!"

मग बाकीचं. चालू करण्याआधी तेल बघायचं, तळाशी साचलेलं पाणी उपसायचं, डिझेलचा वास येतोय का हुंगायचं. फिरत्या पट्ट्याजवळ लोंबणारं काही येऊ द्यायचं नाही. पदर नाही, दोरी नाही, काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन एका जाळीतून खाडीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. ते पाणी मागच्या पाइपातून धुराबरोबर बाहेर पडलं पाहिजे. म्हणून सारखं मागे वळून बघायचं. पाणी पडायचं थांबलं, तर इंजिन ताबडतोब बंद. नाहीतर ते तापून जाम होणार, मग हंगामभर रडत बसा.

"एवढं वळून मी नवऱ्याकडं पण बगितलं नाय," मावशी म्हणाली. मग आधीच पुसलेलं हँडल पुन्हा पुसू लागली. मला उगाच वाईट वाटलं.

पुनवेच्या दिवशी मचवा पताकांनी सजला. म्हातारे बसले, नटूनथटून बायका बसल्या, नांगर-दोरी सांभाळायला दोन पोरं चढली, आणि मी दोन रिकाम्या कॅनना मिठी मारून बसलो, कारण कॅन बुडत नाहीत. दीर आला तो हातभर लांब झेंडूचा हार घेऊन. साध्या दोऱ्यात नव्हे, चक्क सोनेरी जरीच्या दोऱ्यात ओवलेला. तो त्याने चालत्या इंजिनावर चढवला आणि हात जोडले.

मावशीने नमस्कार केला आणि हार अलगद काढून त्याच्या हातात दिला. "भावजी, इंजिनाला लोंबता हार चालत नाय. पट्ट्यात जाईल."

बायका खुसुखुसू हसल्या. दीर हार मांडीवर घेऊन मार्व्यापर्यंत फुगून बसला.

खाडी ती केवढीशी! या काठावर हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं भुंकतं. मार्व्याला आम्ही आरामात पोचलो. पण अटीमुळे इंजिन धक्क्यावरही चालूच ठेवावं लागलं, आणि दर्याला नारळ देण्याचा कार्यक्रम तिथे भरपूर लांबला. नारळ झाला, गुलाल झाला. दिराच्या मांडीवर हार अजून तसाच. पूजेत वाहिलेला हार, तो टाकायचा कुठे? निर्माल्य पाण्यातच सोडायचं असतं. त्याने भक्तिभावाने वाकून तो मचव्याच्या अगदी कडेला, पाण्यात सोडला. मी बघितलं आणि मलाही ते योग्यच वाटलं. आमच्या घरीही आई निर्माल्य असंच सोडायची.

परत निघालो. खाडीच्या मध्यावर मावशीने सवयीने मागे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मीही पाहिलं. पाइपातून नुसता धूर येत होता, पाण्याचा थेंब नाही.

मनोरीचा धक्का समोर दिसत होता. तिथे ढोल वाजत होते. मी कॅन सोडले, तिच्या कानाशी गेलो आणि इतके दिवस घोकून घेतलेलं सगळं विसरून कुजबुजलो, "मावशी, एवढ्यात काय होत नाय. रेटा!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत कॅनपाशी जाऊन बसलो. तिचे डोळे भरले होते. काय जातंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने वेग उतरवला, पोरांना नांगर टाकायला सांगितला आणि नांगर धरल्यावर इंजिन बंद केलं.

दिराने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"झालं," दीर म्हणाला, आणि मालकाच्या रुबाबात पाण्याच्या जाळीचं झाकण उघडायला वाकला. मावशीने त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली.

"आदी खालचा कॉक बंद! सगळ्यांना बुडवतोस काय?"

कॉक बंद न करता झाकण काढलं असतं तर खाडी आत आली असती. मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला. तिने कॉक बंद केला, झाकण उघडलं, आणि पाणी गाळणाऱ्या त्या जाळीतून बोटांनी लगदा काढू लागली. झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. मग एक टोक हाताला लागलं. तिने ओढलं. सोनेरी जरीचा दोरा निघत गेला, निघत गेला, शेवटी दोन चुरगळलेले झेंडू घेऊन बाहेर आला.

दिराची मान आपोआप खाली गेली.

आता ही त्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्यासाठी जरा सरसावूनच बसलो होतो. मावशीने मात्र दोरा पिळला, दिराचा उजवा हात ओढला आणि चिखल लागलेला तो दोरा झेंडूसकट त्याच्या मनगटाला गच्च बांधला.

"आज राखी पण हाय ना, भावजी," ती म्हणाली. "मला सख्खा भाऊ नाय. आता तू. मचवा माझ्याकडं राहू दे, हीच ओवाळणी."

दीर मनगटाकडे बघत राहिला. मावशीने झाकण लावलं, कॉक उघडला, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला आणि हँडल मारलं. इंजिन धडधडलं. आम्ही सगळे, म्हातारेसुद्धा, माना वळवून मागच्या पाइपाकडे बघत बसलो. पाणी पडलं.

धक्क्यावर गाव जमलं होतं. कोणीतरी ओरडून विचारलं, "काय रे, मदेच थांबलं ना इंजिन?"

मावशी काही बोलणार, तेवढ्यात दीर उभा राहिला. त्याने हात उंच केला. मनगटावर दोन चुरगळलेले झेंडू लोंबत होते.

"इंजिनाला काय धाड भरली?" तो खेकसला. "राखी बांधायला थांबलो होतो. चालत्या मचव्यात गाठ बसत नाय."