बुधवारचा गणिताचा तास

मेघनाने माझ्या मुलीची वही उचलली आणि शेवटच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बुधवारची दुपार होती. ती आमची शाळा नव्हती. सिंगापूरमधल्या ज्या थोड्या शाळांत हुशार म्हणून निवडलेल्या मुलांचे खास वर्ग चालतात, त्यांतली ती एक. इतकी वर्षं कठीण परीक्षा पार केल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नव्हता. आता त्या वर्गाचे गणिताचे जादा तास आसपासच्या साध्या शाळांतल्या मुलांनाही खुले झाले होते. शिक्षकांनी नाव सुचवायचं, मुलाने यायचं. आमच्या बुकित पंजांगच्या शाळेने रियाचं नाव सुचवलं. रिया दहा वर्षांची. पत्र आलं तेव्हा दोन दिवस ते दप्तरात घालून फिरत होती.

तो पहिला दिवस, म्हणून पालकांना आत येऊ दिलं होतं. रिया आमच्या शाळेच्या निळ्या गणवेशात, बहुतेक मुलं पांढऱ्यात. ती सरळ पुढे जाऊन बसली. फळा नीट दिसतो म्हणून. मेघना तिथे मदतीला येणाऱ्या पालकांपैकी. तिचा मुलगा परीक्षा देऊन आलेला. आमची ओळख जुनी होती, गणपतीत शेजारी बसून मोदक वळलेले.

वही मागे ठेवून ती माझ्याकडे वळली. वर्गावरच्या चिनी बाईंना कळू नये म्हणून मराठीत, रियासमोरच हसत म्हणाली, "परीक्षा देऊन आलेली मुलं पुढे बसतात. इथेही आता कोटा सुरू झालाय. तुम्हा लोकांना सवयच आहे म्हणा त्याची."

मीही हसले. लिहिताना अजून लाज वाटते. मी हसले.

परतताना एलआरटी रेल्वेत रियाने विचारलं, "आई, कोटा म्हणजे काय?"

"फरशी असते एक," मी म्हणाले.

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "देन व्हाय डिड आंटी से इट टू अस?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मेघनाला माझी जात कशी कळली, ते सांगते. नवऱ्याच्या आडनावावरून काही समजत नाही. त्याच आडोशाला आम्ही राहत होतो. मुलीचं नाव ठेवताना माझ्या आईला संघमित्रा हवं होतं. मी म्हणाले, इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही. ते खोटं होतं. ज्या नावावरून काहीच कळणार नाही असं नाव मला हवं होतं. मग एकदा जेवताना मेघनाने सहज विचारलं, माहेरचं आडनाव काय? मी सांगून टाकलं. त्यानंतर हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, विसरली असेल.

परभणीहून औरंगाबादला कॉलेजात गेले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच तासाला सरांनी राखीव जागांवर आलेल्यांना उभं केलं. आम्ही सहा जण. सर म्हणाले, चेहरे बघून ठेवतो, पेपर तपासताना सोपं जातं. वर्ग हसला. पुढे तीन वर्षं मी त्या वर्गात एक प्रश्न विचारला नाही. गणितात कॉलेजात दुसरी आले. तेव्हाही खाली मान घालूनच निकाल पाहिला. आज जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात अकाउंटंट आहे. वाटलं होतं, समुद्र ओलांडला, सुटले.

रिया पाच आठवडे मागे बसली. मग बाईंचा निरोप आला. मुलगी फार गप्प असते, उत्तरं लिहीतच नाही, तिला झेपतंय का?

मी तिची वही उघडली. समासात बारीक पेन्सिलीने सगळी उत्तरं होती. बरोबर होती. खाली, जिथे लिहायचं तिथे, कोरं.

विचारल्यावर म्हणाली, "मागे बसलं की आधी नाही संपवायचं. लेट देम फिनिश फर्स्ट."

"कोणी सांगितलं तुला?"

"नोबडी. मलाच कळलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मला हे शिकायला औरंगाबादच्या त्या तासापर्यंत, अठराव्या वर्षापर्यंत वेळ मिळाला होता. माझी मुलगी दहाव्या वर्षीच शिकली. तिच्यासमोर मी हसले होते, त्यातूनच शिकली.

त्या संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. आजी दवाखान्यात फरशी पुसायची तेही, आणि तिला पाणी वरून ओतत असत तेही. कोटा म्हणजे काय, आणि तो का लागला. रियाने मध्ये एकच विचारलं, "तुम्हाला सहा जणांना उभं केलं तेव्हा बाकीचे काय करत होते?" हसत होते, मी म्हणाले. तिने माझा हात धरून ठेवला.

पुढच्या पालकसभेत मेघनाने सुचवलं की बाहेरच्या मुलांचा वेगळा गट करावा. सगळ्यांचा वेग राखला जाईल, त्यांनाही दडपण येणार नाही. फार गोड इंग्रजीत. बऱ्याच माना हलल्या.

मी उभी राहिले. पहिल्या बुधवारी माझ्या मुलीची वही कुणी हलवली ते सांगितलं. त्या वेळी मराठीत काय बोललं गेलं, ते शब्दाला शब्द इंग्रजीत करून सांगितलं. मग ते वाक्य आमच्याकडे कुणाला आणि का ऐकवतात, तेही. कुणाला नीट कळलं, कुणाला नाही. मेघना म्हणाली, मी गंमत केली होती. मी म्हणाले, "माझ्या मुलीने तेव्हापासून उत्तरं लिहिणं सोडलंय."

बाईंनी रियाची वही मागून घेतली. समास बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, जागा यापुढे मी ठरवीन.

एवढ्याने काही बरं झालं नाही. ओळखीची दोन मराठी कुटुंबं आता मॉलमध्ये दिसली की वाट बदलतात. नवरा म्हणाला, कशाला सगळ्यांना कळू दिलंस, आणि आठवडाभर अबोला धरला. रिया दुसऱ्या रांगेत बसते. आता उत्तरं लिहिते. हात अजून वर करत नाही. करेल की नाही, मला माहीत नाही. वेगळ्या गटाच्या मागणीचा अर्ज पालकांच्या सह्यांनिशी शाळेत पोचलाय. निर्णय व्हायचाय.

काल मीही त्याविरुद्ध अर्ज दिला. शेजारच्या ब्लॉकमधल्या नूरुलनेही सही केली. तिचा मुलगाही निळ्या गणवेशात येतो. मी माहेरचं आडनाव लिहिलं, पुढे सासरचं.

वेगळा गट केला तर मी वरच्या कार्यालयात जाईन. तिथे ऐकलं नाही तर त्याच्याही वर. रियाला उद्या गणित नकोसं झालं तर तिने खुशाल सोडावं, तो तिचा प्रश्न. पण कुणी हलवलं म्हणून ती हलणार नाही. आणि तिच्यासमोर मी पुन्हा हसणार नाही.