केळी घेऊन येणारे साहेब

कंपनी काय, कोणीही काढतो. बंद करावी ती आमच्या साहेबांनीच. हल्ली ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दर दुसऱ्या घरात कंपनी काढणारा एक मुलगा असतो. त्यातले बरेच मी जवळून पाहिलेत आणि त्यांची उद्घाटनं सगळी सारखीच असतात: फुगे, केक आणि केकपेक्षा मोठा फोटो. पण बंद पडताना पाळलेली इतकी रीतभात मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. आणि आमच्या साहेबांना ती पाळायची संधीही देवाने सढळ हाताने दिली.

'साहेब' म्हटलेलं त्यांना खरं तर आवडत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, की इथे कोणी साहेब नाही, एकमेकांना नावाने हाक मारायची. जुन्नरकडच्या खेड्यातल्या मराठी शाळेत शिकून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच पदवीचा कागद आणलेल्या माझ्या जिभेला ते झेपेना. मग मी त्यांना कशानेच हाक मारायचो नाही. समोर जाऊन नुसता खाकरायचो. शेवटी तेच म्हणाले, "अरे, साहेब तर साहेब म्हण, पण खाकरू नकोस. आईला वाटतंय तुला दमा आहे." आईला ऐकू जायचं, कारण कंपनीचं ऑफिस म्हणजे ठाण्यातल्या वर्तकनगरच्या वसाहतीतला त्यांच्या आईचा हॉल होता. आम्ही चौघं टेबलाशी आणि त्या दिवाणावर मटार सोलत. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "काढतो." काय काढतो हे विचारायच्या आत मटाराची पुढची शेंग उचललेली असायची. माझी मुलाखतही तिथेच झाली. माझं इंग्रजी कच्चं आहे हे मी आधीच सांगून टाकलं. "आपले ग्राहक रिक्षावाले आहेत," साहेब म्हणाले. "त्यांनी तुझं इंग्रजी तपासलं, तर मला कळव." त्या एका वाक्यावर मी बी.कॉम. झाल्याचं सार्थक झालं असं मला आजही वाटतं.

पैशाचे व्यवहार मोबाईलवर आणायचे, हे वेड त्यांना लागलं तेव्हा त्याला फिनटेक म्हणतात हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. रिक्षाचं भाडं मोबाईलने द्यायचं, सुट्ट्या पैशांची कटकट संपवायची, ही त्यांची पहिली कंपनी. कल्पना इतकी चांगली होती, की ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. 'सुट्टे नाहीत' हीच रिक्षावाल्याची वरकमाई असते आणि तीच आपण संपवायला निघालोय, हे आमच्या लक्षात यायला वर्ष गेलं. दुसरी कंपनी भिशीची. बायकांना एकत्र जमायची गरज नाही, भिशी मोबाईलवरच लागेल. बायकांनी मोठ्या कौतुकाने नावं नोंदवली आणि दोन महिन्यांत सोडून दिली, कारण मोबाईलवर साबुदाणेवडा येत नव्हता. तिसऱ्या कंपनीत किराणा दुकानदाराच्या वतीने गिऱ्हाइकाला उधारीची आठवण आपोआप जायची. आठवण वेळेवर जाई आणि गिऱ्हाईकही तितक्याच वेळेवर पलीकडच्या दुकानात जाई. साहेब या कशानेच खचले नाहीत. "आपण चुकलो नाही रे," ते म्हणायचे, "आपण माणसांना नीट ओळखत नव्हतो. आता थोडं ओळखतो." आणि पुढची काढायचे.

पहिली बंद पडली तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी शहाडला आमच्या चाळीत आई ओटा पुसत होती आणि दारात साहेब उभे. हातात डझनभर केळी. साहेब घरी आले म्हणजे माझी बढती झाली, असं समजून शेजारची चार माणसं आधीच कठड्याला टेकली होती. साहेब आत आले, लोखंडी खाटेच्या कडेवर बसले आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "मी तुमच्या मुलाचा साहेब. या महिनाअखेर आमची कंपनी बंद होतेय. चूक माझी आहे, त्याची नाही. दुसऱ्याकडून कळायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून आलो."

अण्णांचा कारखाना बंद झाला तेव्हा ते पहिल्या पाळीला डबा घेऊन गेले होते आणि कुलूप बघून परत आले होते. काय झालं ते त्यांना वॉचमनने सांगितलं. त्याला तरी कुठे पूर्ण माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस ते पाळीच्या वेळेला उठून गेटपर्यंत जाऊन यायचे. त्यामुळे त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच: "गेटला कुलूप लावणार?"

"गेट नाही, काका," साहेब म्हणाले. "हॉल आहे. तिथे आई झोपते."

अण्णा हसले. मग म्हणाले, "जेवून जा."

अशीच चार घरं साहेबांनी त्या आठवड्यात केली. केळीच का, हे मी एकदा विचारलं होतं. "वाईट बातमीला पेढे नेता येत नाहीत आणि रिकाम्या हाताने जाता येत नाही," ते म्हणाले. माझी नोकरी गेली याचं दुःख आमच्या घरात फार टिकलं नाही, कारण अण्णा ते चाळभर अभिमानाने सांगत फिरले. साहेब स्वतः आले, खाटेवर बसले, चूक माझी म्हणाले. समोरचे शिंदेकाका एकदा कुरकुरत म्हणाले, "आमच्या पोराचे साहेब तर कधी आले नाहीत." अण्णांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "बंद पडली का त्यांची? मग कसे येतील."

दुसऱ्या वेळी आईने त्यांना दारात पाहिलं आणि 'या' म्हणायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "पुन्हा?" पण त्या दिवशी तिने आमच्याकडची मासवडी केली, तिळाखोबऱ्याचं सारण भरलेली, झणझणीत रश्श्याबरोबर. साहेब घाम पुसत जेवले आणि बंद पडलेल्या कंपनीबद्दल बोलायचं विसरले. तिसऱ्या वेळी तर ते बंद करण्याच्या आधीच सल्ल्याला आले. "काका, अजून सहा महिने ओढावी का?"

"पगार किती महिने देता येईल?"

"दोन."

"मग आजच सांगा पोरांना. दोन महिन्यांत दुसरं बघतील."

मोठमोठ्या सल्लागारांना जे सांगायला वीस पानं लागली असती, ते अण्णांनी पाणी पिता पिता सांगितलं, असं साहेब पुढे कितीतरी जणांना सांगायचे.

चौथी कंपनी मात्र चालली. इतकी चालली, की एका मोठ्या कंपनीने ती आम्हां सगळ्यांसकट विकत घेतली. साहेबांनी आम्हाला सुरुवातीलाच थोडे थोडे शेअर दिले होते. त्यातून माझं डोंबिवलीतलं घर झालं. साहेब मात्र त्यातून मोकळे झाले, आईला घेऊन कोलशेतला खाडीकडच्या एका उंच इमारतीत राहायला गेले आणि क्रिप्टोत पडले. नवनवी डिजिटल नाणी आणि त्यांच्या कंपन्या काढणाऱ्या पोरांना सुरुवातीचं भांडवल देणारा, म्हणजे एंजल इन्व्हेस्टर. एंजल म्हणजे देवदूत, एवढं मी आमच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते आधीपासूनच होते की."

या नव्या अवतारातही त्यांचं सगळं अजबच. न्हावी अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा बाजूला ठेवून स्वतःच्या नाण्याची कल्पना सांगायला लागला, तर साहेबांनी ती फेसासकट पूर्ण ऐकली आणि तीन शंका विचारल्या. बाजार पडला, की फोन टेबलावर पालथा घालतात, झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तशा हाताने, आणि समोरच्याला विचारतात, "चहा?" तो चहा ते स्वतः करतात आणि तो अतिशय वाईट असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, कुठलं नाणं घेऊ? "घेऊ नका," साहेब म्हणाले. मग तुम्ही का घेता? "मी बंद पडायला तयार आहे. तुम्ही नाही." सेक्रेटरींना राग आला; पण मला वाटतं, एवढा खरा सल्ला त्यांना कोणी फुकट दिला नसेल. पैसे मागायला येणाऱ्या पोरांनाही ते शेवटी एकच विचारतात: "बंद करायची वेळ आली, तर आधी कोणाला सांगशील?" कोणी वकिलाला म्हणतं, कोणी तुम्हालाच सर. डोंबिवलीचा एक मुलगा म्हणाला, "आधी बाबांना सांगून बघेन. त्यांना सांगता आलं, तर बाकीच्यांचं काय." त्याला त्याच दिवशी पैसे मिळाले.

पण या भरभराटीत एक गोष्ट झाली. साहेबांचं शहाडला येणं थांबलं. त्यांच्याकडे आता कामाला कोणी नव्हतं, त्यामुळे बंद पडल्याचं कोणाच्या घरी जाऊन सांगायचं कारणच उरलं नव्हतं. अण्णा विचारायचे, "साहेब बरेच दिवसांत आले नाहीत?"

"अण्णा, कंपनी चालू आहे."

"हो का," ते म्हणायचे, आणि त्या 'हो का'मध्ये कंपनी थोडी तरी डबघाईला यायला हरकत नव्हती असा सूर असायचा.

यंदा चाळ पाडायचं ठरलं. अण्णांनी माझ्याकडे डोंबिवलीला यायला नकार दिला. गावाकडची खोली डागडुजी करून ते आणि आई कायमचे तिकडे जाणार होते. सामान बांधायला लागले तसं ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले, की जायच्या आधी साहेबांची एकदा गाठ पडली पाहिजे. गावाला गेल्यावर या वयात परत येणं होत नसतं. मी साहेबांना सांगितलं. ते अस्वस्थ झाले. "नुसतं कसं जायचं रे? मी दारात दिसलो, की तुझ्या आई 'पुन्हा?' विचारतात. मी त्यांच्याकडे चांगली बातमी घेऊन कधी गेलोच नाही." येतो, येतो म्हणाले. आले नाहीत. एका संध्याकाळी मात्र अण्णांचा फोन आला. "अरे, घरी केळी आलीत. पिशवीवर साहेबांचं नाव आहे. तुझी नोकरी गेली का?"

साहेबांनी ती मोबाईलवरून मागवून पाठवली होती. माझी नोकरी शाबूत आहे हे अण्णांना पटवायला मला अर्धा तास लागला. पटल्यावर ते म्हणाले, "मग आपणच जाऊ त्यांच्याकडे."

अण्णांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेला मासवडीचा डबा. कोलशेतच्या गेटवर वॉचमनने कामाचं स्वरूप विचारलं. अण्णा त्याला म्हणाले, "घर बंद होतंय आमचं. सांगायला आलोय." त्याने वहीत 'पर्सनल' लिहिलं.

वर गेलो तेव्हा साहेब लॅपटॉपवर कोणाशी तरी बोलत होते. अण्णांना पाहून त्यांनी तो तसाच मिटला. पलीकडच्या माणसाला निरोपही दिला नाही. अण्णा सोफ्याच्या अगदी कडेवर बसले, डबा मांडीवर. म्हणाले, "साहेब, या महिनाअखेर आमचं शहाडचं बंद होतंय. चूक कोणाची नाय. दुसऱ्याकडून कळायच्या आधी म्हटलं आपणच सांगावं."

एका सकाळी निम्मी मालमत्ता गेलेली असताना चहात साखर घालणारा हा माणूस. आता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून चहा ठेवला. अण्णांनी तो वाईट चहा तळापर्यंत प्यायला.

"मग आता काय करणार, काका?"

"बांधावर शेवगा लावीन म्हणतो."

"किती झाडं?" साहेब एकदम पुढे सरकले. त्यांना सूर सापडला होता. "पाणी कुठून आणणार? विकणार कुठे? आणि नाही लागला तर?"

"नाही लागला तर सावलीला बसू."

"काका, थोडे पैसे मी घालू का त्यात?"

अण्णा डबा त्यांच्या हातात देत म्हणाले, "तुमचे नकोत. तुम्ही घातले, की बंद पडतं."

आतून साहेबांच्या आईंचं हसू आधी ऐकू आलं. मग आम्ही तिघंही हसलो. साहेब सगळ्यात जास्त वेळ, थोडा जास्तच वेळ.

रिक्षापर्यंत सोडायला ते खाली आले. अण्णा आत बसल्यावर त्यांनी मला बाहीला धरून बाजूला घेतलं. "तुमच्या गावाला जायचं कसं?"

"कल्याणहून एसटी. माळशेजवरून."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "काही बंद न पडता गेलं, तर चालेल ना रे?"

मी म्हटलं, चालेल, साहेब. अण्णांना मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ते रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसतील.